पालिकेची बाग आमच्या गटाने चालवायला घ्यावी का? (कराराचा मसुदा हातात आहे)

औषधवाली

नमस्कार मंडळी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोव्यात नगरपालिका तेरा आणि महापालिका एक, दोन खुणा जास्त दिल्या की कोण बोलतंय ते कळतंच. आणि मला दर वर्षी त्याच कचेरीत दुकानाच्या परवान्यासाठी जायचं असतं.

माझं औषधांचं दुकान पालिकेच्या बागेसमोर आहे. एकोणीस वर्षं काउंटरमागे बसून मी ही बाग बघतेय. पणजीच्या गार्सिया द ओर्ता बागेसारखी ती काही नावाजलेली नाही. (तो माणूस वैद्य होता आणि औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, म्हणून आम्हा औषधवाल्यांना त्याच्याबद्दल जरा जास्त जिव्हाळा.) आमची बाग सुमारे अडीच हजार चौरस मीटर. त्यातला हजारभर मीटर एके काळी लॉन होता. सात माड, दोन गुलमोहर, एक जुनी बकुळ, मुलांचे चार खेळ आणि एक कारंजं. कारंज्यात पाणी जून ते सप्टेंबर असतं, तेही पावसाचं. त्यात बेडकांची पिल्लं वाढतात आणि शाळेतली पोरं ती बाटलीत भरून घरी नेतात. कारंज्याचा उपयोग झालाच तर तेवढा.

दोन पाळण्यांपैकी एकाची साखळी गेल्या चतुर्थीच्या आधी तुटली. अर्ज दिला. चतुर्थी झाली, दिवाळी आली, नरकासुर जळून राख झाला, साखळी काही आली नाही. मग कुणीतरी तिथे सुंभ बांधलं. चार दिवसांनी एक बाई मुलीला घेऊन दुकानात आली. पोरीचा तळहात सुंभाने सोलवटला होता. मी धुऊन मलम लावलं, आणि त्याच संध्याकाळी आमच्या सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींना म्हटलं, आता बस.

आम्ही अकरा जण. दोन निवृत्त मास्तर, एक पोस्टातले, एक पोदेर (पाववाला), एक शिवणकाम करणारी, बाकीचे असेच. दर रविवारी सकाळी दोन तास साफसफाई सुरू केली. पहिल्या रविवारी नऊ पोती कचरा निघाला, त्यातली चार नुसत्या बाटल्यांची. तिसऱ्या रविवारी नगरसेवक आले, फोटो काढून घेतला, आणि हसत म्हणाले, "तुमीच घेयात मगे बाग!" आम्हीही हसलो. पण ते गमतीत नव्हते. महिनाभराने पालिकेतून दीड पानाचा इंग्रजी मसुदा आला.

थोडक्यात त्यात असं आहे: आम्ही संस्था नोंदवायची. बाग पाच वर्षांसाठी "देखभाल व परिचालन" करायला आमच्याकडे. कलम ४: पाणी, वीज, माळी, राखणदार, दुरुस्ती, सगळा खर्च संस्थेचा. कलम ६: बागेत काहीही बांधायला किंवा झाड तोडायला पालिकेची परवानगी. कलम ७: पालिका कधीही, कारण न देता करार रद्द करू शकते. कलम ९: बागेत कुणाला इजा झाली तर जबाबदार संस्था.

जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचा अधिकारी सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चातून) पैसे द्यायला तयार आहे म्हणतो. त्याला गेटवर कंपनीचा बोर्ड हवा आणि आत ओपन जिम. मास्तर म्हणतात घेऊया, नाहीतर उद्या तिथे पार्किंग होईल. माझे यजमान म्हणतात, "तू दुकान सांभाळ." नगरसेवक म्हणतात परदेशात सगळ्या बागा संस्थाच चालवतात, न्यूयॉर्कची मोठी बागसुद्धा.

कुणी असं केलं आहे का? मसुद्यात काय बदलून मागावं? पुढच्या महिन्यात मुख्याधिकाऱ्यांबरोबर बैठक आहे.

---

घरपट्टी_भरणारा

सरळ नाही म्हणा. आपण घरपट्टी भरतो, कचऱ्याचे वेगळे भरतो. बाग सांभाळणं हे पालिकेचं काम. आज बाग तुम्हाला देतील, उद्या गटारं देतील, परवा म्हणतील मार्केटही तुम्हीच झाडा. लोकांनी काम करायचं आणि ह्यांनी उद्घाटनाला रिबन कापायची!

आणि एकदा संस्थेच्या हातात बाग गेली की संस्था कुणाची होते ते मुंबईत बघा. मोकळी मैदानं देखभालीला म्हणून दिली आणि काही ठिकाणी तिथे क्लब उभे राहिले. महापालिकेने २०१६ च्या जानेवारीत परत तसंच धोरण मंजूर केलं तेव्हा इतका गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. तुमचे अकरा जण सज्जन असतील. बारावा कोण येणार ते सांगा.

---

निवृत्त_मुकादम

ताई, मी एका पालिकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा बागांवर मुकादम म्हणून. त्यामुळे जरा लांबण लावतो, माफ करा.

घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तुमचं कलम ४ वाचून मला हसू आलं. ज्याने ते लिहिलं त्याने कधी नळी हातात धरलेली नाही.

आधी पाण्याचं बघू. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला पाच मिलिमीटर तरी पाणी लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तुमचा हजार मीटर लॉन परत हिरवा करायचा तर रोज पाच हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दिवसाआड. ऑक्टोबर ते मे, आठ महिने. बागेत विहीर किंवा बोअर आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर लॉनचा नाद आजच सोडा. गोव्यात जांभ्या दगडावर टाकलेल्या चार इंच मातीत लॉन करायचा म्हणजे चाळणीत पाणी ओतायचं. बकुळीखाली सावली आहे, तिथे चिऱ्याचे बाक घाला, लोक तिथेच बसतात.

पावसाळ्यात पाणी नको, पण गवत माणसाच्या गुडघ्याला लागतं. यंत्राने महिन्यातून दोनदा कापावं लागतं, नाहीतर साप निघाला म्हणून तुम्हालाच फोन येणार.

आता मुख्य गोष्ट. आमच्या गावात एका तरुण मंडळाने अशीच बाग घेतली होती. मुलं खरोखर चांगली. पहिलं वर्ष बाग अशी फुलली की लग्नाचे फोटो काढायला लोक यायचे. त्या वर्षी पालिकेने काय केलं? त्या बागेवरचे दोन माळी उचलून दुसरीकडे लावले, एक तर साहेबाच्या बंगल्यावर. पुढच्या अंदाजपत्रकात त्या बागेच्या देखभालीचं शीर्ष (खर्चाची ओळ) होतं त्याच्यापुढे शून्य पडलं. संस्था करतेय ना, मग पैसे कशाला? तिसऱ्या वर्षी मंडळातला एक जहाजावर गेला, दोघांना पणजीत नोकऱ्या लागल्या, एकाचं लग्न झालं. चौथ्या वर्षी त्यांनी किल्ली परत आणून माझ्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे ना माळी, ना शीर्ष, ना पैसे. ते शीर्ष परत आणायला मला तीन अंदाजपत्रकं लागली, आणि आलं तेव्हा आधीच्या निम्मं. मंडळाने बाग हातात घेतली नसती तर ती साधारण राहिली असती. घेतली म्हणून मेली.

म्हणून सांगतो, करारात काहीही मिळो न मिळो, एवढं मिळवाच: पालिकेने आज त्या बागेवर जो माळी, जे पाणी आणि जी वीज दिलेली आहे ती करार चालू असेपर्यंत कमी होणार नाही. तुम्ही जे कराल ते त्याच्या वर. त्याच्याऐवजी नव्हे. हे एक वाक्य मसुद्यात घाला, मराठीत घाला आणि पालिका मंडळाच्या बैठकीत ठराव करून घ्या. नुसती मुख्याधिकाऱ्याची सही नको, मुख्याधिकारी बदलून जातात.

सात माड आहेत म्हणालात. नारळ कुणाचे? हसू नका. आमच्याकडे दर वर्षी पालिकेच्या माडांची पावणी (लिलाव) व्हायची. त्या मंडळाने पाडेली (माडावर चढून नारळ काढणारा) आणून नारळ पाडले, एकशे चाळीस निघाले, विकले, आणि प्रामाणिकपणे हिशेबाच्या वहीत लिहिले. त्या प्रामाणिकपणामुळेच अडकले. लेखापरीक्षकाने शेरा मारला की पालिकेचं उत्पन्न परस्पर विकलं. चोरून खाल्ले असते तर कुणी विचारलं नसतं. तेव्हा नारळ कोण पाडणार, कधी पाडणार आणि पैसे कुठे जाणार ते लिहून घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळच्या वेळी पाडले नाहीत आणि एखादा पाळण्यावरच्या पोराच्या डोक्यात पडला तर कलम ९ प्रमाणे तुम्ही. पाळण्यांच्या वर माड आहे का ते उद्या सकाळी मान वर करून बघा.

झाडांचा कायदा वेगळाच आहे. १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा. त्यात परवानगी देणारा वनखात्याचा वृक्ष अधिकारी, पालिका नव्हे. तुमच्या कलम ६ मध्ये पालिकेची परवानगी लिहिलंय, तेवढ्यावर गुलमोहराला हात लावू नका. माडाची तर गंमतच, २०१६ साली कायद्यात माड हे झाडच नव्हे असं झालं होतं, आणि लोक खवळले तेव्हा पुढच्या वर्षी तो परत झाड झाला, वर राज्यवृक्षही.

किल्लीबद्दल कुणी लिहीत नाही पण सगळी भांडणं तिथेच. पहाटे साडेपाचला गेट कोण उघडणार? संडासाची किल्ली कुणाकडे? आमच्याकडे ती भज्यांच्या गाड्यावर ठेवलेली असायची. गाडेवाला ज्याच्यावर खूश त्यालाच मिळायची.

---

औषधवाली

मुकादम काका, तुमचं वाचून उठले आणि शटर अर्धं ओढून समोर बघून आले. पाळण्यांच्या बरोबर वर एक माड आहे. एकोणीस वर्षं मला दिसला नव्हता.

बोअर आहे, पण पंप जळलेला. वीजखात्याचा मीटर पालिकेच्या नावावर. पालिकेचा एक माळी आठवड्यातून दोनदा येतो, बिचारा तीन बागा करतो.

घरपट्टीवाले भाऊ, तुमचा राग कळतो. पण अर्ज करून करून माझी कार्बनची वही संपली.

---

म्हापशाचा_सीए

पैशाच्या बाजूने दोन गोष्टी, कारण कंपनीचं वाक्य वाचून मला काळजी वाटली.

संस्था नोंदवणं अवघड नाही. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली सात जण पुरेत, तुम्ही अकरा आहात. पण नवी संस्था नोंदवली आणि लगेच सीएसआरचा चेक घेतला असं होत नाही. नियम असा आहे की कंपनीला बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं असेल तर त्या संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी (करसवलतीची) नोंदणी हवी, तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा. तुमचा अनुभव काही रविवारांचा. त्या अधिकाऱ्याला हे ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून तो नगरसेवकांसमोर गोड बोलत असेल.

वाट आहे. कंपनी स्वतः काम करू शकते. पंप बसवला, खेळ बदलले, बिल थेट कंपनीने पुरवठादाराला दिलं. पैसा तुमच्या खात्यात येतच नाही, तुमची डोकेदुखी वाचते. फक्त वस्तू बसली की ती पालिकेची मालमत्ता म्हणून नोंद करून घ्या, नाहीतर तीन वर्षांनी पंप जळला की दुरुस्त कुणी करायचा यावर पत्रव्यवहार सुरू होईल. आणि ओपन जिम नको असेल तर नको म्हणा. देणाऱ्याला फोटोत दिसणारी वस्तू हवी असते. माळ्याचा पगार फोटोत दिसत नाही, म्हणून तो कुणी देत नाही. तो तुम्हाला वर्गणीतूनच काढावा लागेल.

दुसरी गोष्ट खास आपल्या गोव्याची. गावचे लोक बाहेर आहेत, ते मदत करतील असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच. भारतीय पासपोर्ट असलेला मनुष्य आखातातून स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही. पण ज्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय तो कायद्याने परदेशी. तुमच्या शेजारच्या वाड्यावरचा असला, त्याची आई अजून इथेच राहत असली तरी त्याचे पाच हजार रुपये म्हणजे विदेशी देणगी. त्यासाठी एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी लागते, आणि ती मिळायला तीन वर्षांचं काम आणि त्या काळात किमान पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. माझ्याकडे एका चांगल्या संस्थेचा माणूस रडकुंडीला येऊन बसला होता, कारण लंडनहून कुणीतरी प्रेमाने पैसे थेट खात्यात टाकले होते. खाते क्रमांक व्हॉट्सअॅपवर फिरवू नका.

कलम ९ साठी सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळतो. पण मालक पालिका आहे, तो हप्ता पालिकेने भरावा असं मागा. देणार नाहीत बहुतेक. तरी मागा, म्हणजे निदान कलम सौम्य करतील.

---

जर्सीतून_डिचोलकर

नगरसेवकांनी न्यूयॉर्कचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी मूळ डिचोलीचा, बारा वर्षं इथे न्यू जर्सीत आहे, आणि नोकरी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, ब्रायंट पार्कपासून दोन गल्ल्या. दुपारचा डबा तिथेच खातो.

सेंट्रल पार्क खरंच संस्था चालवते. १९८० साली सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी स्थापन झाली. त्या वेळी शहर कंगाल झालेलं, बाग उजाड, लोक आत जायला घाबरायचे. पण एक गोष्ट नगरसेवक सांगत नाहीत: त्या संस्थेला शहराने रीतसर व्यवस्थापनाचा करार दिला तो १९९८ मध्ये. म्हणजे अठरा वर्षं ती लोकं पालिकेच्या बरोबरीने काम करत होती, मग कागद झाला. तुमच्याकडे दोनेक महिन्यांत मसुदा आला. मालकी आजही शहराची. खर्चातला मोठा वाटा संस्था देणग्यांतून उभा करते, पण त्या बागेभोवती कोण राहतं ते बघा. तिथल्या एका इमारतीतल्या दोन घरांच्या किमतीत तुमची अख्खी पालिका चालेल.

त्यांची एक पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे, तिला पैसे लागत नाहीत. ८४३ एकराची बाग त्यांनी ४९ तुकड्यांत वाटली आणि प्रत्येक तुकड्याला एक माळी नेमून दिला. अमुक जागेचा बाक तुटला तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं. तुम्ही अकरा जण आहात, बागेचे अकरा भाग करा. बकूळ मास्तरांची, कारंजं पोदेराचं. रविवारी सगळ्यांनी सगळं करण्यापेक्षा हे टिकतं.

ब्रायंट पार्कचं वेगळंच. ती बाग अनेक वर्षं शहराच्या करातून पैसे न घेता चालते. आजूबाजूच्या इमारतींवरची पट्टी, खाण्याच्या जागांची भाडी आणि कार्यक्रम यांवर. खुर्च्या साखळीने बांधलेल्या नाहीत, उचलून सावलीत न्याव्यात. संडासात ताजी फुलं असतात, थट्टा नाही. पण पैसा कार्यक्रमांतून येतो म्हणून थंडीत सगळ्या हिरवळीवर बर्फाची रिंग आणि दुकानं. एरवी बसायचो ती जागा तेव्हा नसते. तुमच्या बागेत नारळ आणि वर्गणी सोडून उत्पन्न नाही. उद्या कुणीतरी सुचवेल की बाग संध्याकाळी वाढदिवसांना भाड्याने द्या. त्या दिवसापासून बाग कुणाची यावर वाद सुरू होतो.

इथेही टीका होते. श्रीमंत वस्तीतल्या बागा देणग्यांवर चकाचक, गरीब वस्तीतल्या तशाच. २०१३ मध्ये इथल्या एका राज्य सिनेटरने मांडलं होतं की बड्या बाग-संस्थांनी आपल्या पैशाचा पाचवा हिस्सा गरीब बागांना द्यावा. फार आरडाओरडा झाला. तुमच्या गावातही बाजारातल्या बागेला अकरा जण मिळाले, पलीकडच्या कॉलनीतल्या बागेला कोण? तो माळी तीन बागा करतो म्हणालात. तुमच्याकडे काम कमी झालं म्हणून त्याचे दिवस तिकडे वाढले तर उत्तम, बंगल्यावर वाढले तर मुकादम म्हणतात तसं होईल.

---

सासर_पुण्यात

परदेश कशाला, पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे की. ती बाग पालिका चालवतच नाही. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची १८३० सालची संस्था शंभर वर्षांहून जास्त काळ चालवतेय. जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा आम्ही सगळे जातो. रोपवाटिका आहे, प्रवेशाचं तिकीट आहे, त्यावर चालतं.

पण तिचा पसारा बघा, ३९ एकर आणि झाडं माझ्या आजेसासूपेक्षा जुनी. ज्या बागेत लोक घरून दोन मिनिटांत चप्पल घालून येतात तिला तिकीट लावता येत नाही. माझ्या माहेरी फोंड्याला कुणी बागेला तिकीट लावलं असतं तर बाबांनी कुंपणावरून उडी मारली असती.

---

घरपट्टी_भरणारा

मुकादमांचं पटलं. "त्याच्या वर, त्याच्याऐवजी नव्हे" हे लिहून देत असतील तर माझा विरोध मागे. देणार नाहीत.

---

औषधवाली

बैठक झाली म्हणून कळवते.

अकरापैकी सात जण गेलो. मी मुकादम काकांचं वाक्य कागदावर मराठीत लिहून नेलं होतं. मुख्याधिकारी तरुण आहेत, बदलून येऊन सहा महिने झालेत. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, एका मुकादमाने. ते हसले.

वीज आणि बोअरचं पाणी पालिकेकडे राहील, हे मान्य. माळी आठवड्यातून दोनदा येतो तसाच येईल, हे "शक्यतो" घालून मान्य. शक्यतो शब्दावर मास्तर वीस मिनिटं भांडले. शेवटी "शक्यतो" गेला आणि "सध्याच्या मनुष्यबळानुसार" आला. मास्तरांना तो विजय वाटतो, मला वाटत नाही. अंदाजपत्रकातलं शीर्ष कायम ठेवायचं ते लेखा विभागाला विचारून सांगतो म्हणाले. ते आल्याशिवाय आम्ही सही करणार नाही असं मी बोलून बसले, आणि बाकीच्या सहा जणांनी माझ्याकडे बघितलं, पण नाही म्हणाले नाहीत.

पाच वर्षांऐवजी अकरा महिने. रद्द करायचं तर साठ दिवसांची नोटीस, दोन्ही बाजूंना. बांधकाम काहीच नाही, कार्यक्रम भाड्याने नाहीत, हे आम्हीच घालून घेतलं. नगरसेवकांचा चेहरा तेव्हा जरा उतरला, त्यांच्या पुतण्याचं केटरिंग आहे. कलम ९ मधून "झाडे व पालिकेची उपकरणे" वगळली. विम्याला सीए म्हणाले तसंच, नाही.

नारळांवर तोडगा निघाला नाही. पावणी करणारा कारकून म्हणतो सात माडांसाठी वेगळी पावणी परवडत नाही, मोठ्या लॉटमध्ये घालावे लागतील, आणि लॉटवाला वर्षातून एकदाच येतो. तोवर पाळण्यावरच्या माडाचे नारळ आम्ही पाडून पालिकेच्या स्टोअरमध्ये जमा करायचे, मोजून, पावती घेऊन. पाडेलीची मजुरी आमची. पोस्टातले म्हणाले, म्हणजे आम्हीच पैसे देऊन पालिकेला नारळ पोचवायचे. हो, तसंच.

कंपनीच्या अधिकाऱ्याला पंपाचं सांगितलं. ओपन जिमचं विचारू म्हणाला.

बागेचे अकरा भाग केले. कारंजं पोदेराने मागून घेतलं, त्यात तो गप्पी मासे सोडणार आहे. बेडकांच्या पिल्लांचं काय, असं शाळेतल्या एका मुलाने त्याला विचारलं, त्यावर दोघांची अजून चर्चा चालू आहे.

आणि साखळी. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी पालिकेची दोन माणसं शिडी घेऊन आली. मी गिऱ्हाईक सोडून बाहेर धावले, पण पोचेपर्यंत त्यांचं काम झालं होतं. त्यांनी नवी कोरी साखळी लावली, चांगल्या पाळण्याला. सुंभवाला तसाच आहे. आज परत अर्ज दिला, पोच घेतली.